कुलूप लावले होते काय?

मनुष्य पैसे घेताना जितका श्रद्धाळू असतो, तितकाच ते देताना संशयी बनतो, हा अनुभव उसनवारीच्या व्यवहारात सर्वांनाच येतो. परंतु या स्वभावधर्माचे छापील रूप कोणास पाहावयाचे असेल, तर त्याने विमा कंपनीचे दोन कागद शेजारी ठेवावेत : एक वाहनाचा विमा उतरविण्याचा अर्ज, दुसरा नुकसानभरपाईचा. पहिल्यावर मी लिहीन ते वेदवाक्य. दुसऱ्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर आरोपीच्या जबानीसारखे तपासले जाते.

तीन वर्षांपूर्वी माझी स्कूटर भरदिवसा महाविद्यालयासमोरून चोरीस गेली. मी त्याच सायंकाळी फिर्याद नोंदविली व दुसऱ्या दिवशी विमा कंपनीस कळविले. दोन्ही मूळ किल्ल्या सादर केल्या. यथावकाश पोलिसांनी ‘अ’ समरीचा अहवाल पाठविला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो मान्य केला. चोरी खरी, परंतु चोर सापडत नाही, असा त्याचा अर्थ. इतके झाल्यावर कंपनीचे पत्र आले, की गाडीस कुलूप लावले होते हे आपण सिद्ध केलेले नाही; सबब वाहनाची वाजवी काळजी घेण्याच्या अटीचा भंग झाला असून दावा नामंजूर करण्यात येत आहे.

पत्र वाचून मला रागापेक्षा कुतूहलच अधिक वाटले. कुलूप लावल्याचा पुरावा कुलपातच असणार, आणि ते तर चोर गाडीबरोबर घेऊन गेला! तो पकडला गेला असता तर माझा उत्तम साक्षीदार झाला असता. पण मग भरपाई मागण्याचेही कारण उरले नसते.

जो विधान करील त्याने ते सिद्ध करावे, हा नियम तर्कशास्त्राइतकाच कायद्यासही मान्य आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तो १०१ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो १०४ व्या कलमात आहे. आता चोरी झाली हे विधान माझे. ते मी सिद्ध केले. अटीचा भंग झाला हे विधान मात्र कंपनीचे. स्वर्णसिंग यांच्या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले. तो प्रश्न अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइतास द्यावयाच्या भरपाईचा व चालकाच्या परवान्याचा होता; परंतु अटभंगाची सबब सांगणाऱ्या विमा कंपनीनेच तो भंग शाबीत करावा, हे न्यायालयाने तेथे स्पष्ट केले.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. गाडी आपणच विकून चोरीची आवई उठविणारे महाभाग जगात आहेत, आणि त्यांना दिलेला रुपया अखेर माझ्यासारख्यांच्या हप्त्यांतूनच जातो. शिवाय जी गोष्ट एखाद्याच्याच विशेष माहितीतली असते, ती त्याने सिद्ध करावी, असेही कायदा सांगतो. म्हणून कंपनीने चौकशी अवश्य करावी. परंतु चौकशीत काही न सापडणे हाच दावेदाराविरुद्ध पुरावा कसा ठरावा?

विमा हा परम विश्वासाचा करार, असे कंपन्या नेहमी सांगतात. या तत्त्वाचे मूळ १७६६ सालच्या एका इंग्रजी खटल्यात आहे. सुमात्रा बेटावरील मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर कार्टर याने परशत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरविला; फ्रेंचांनी किल्ला घेतला; आणि किल्ल्याची दुर्बलता लपविली म्हणून विमेकऱ्याने पैसे नाकारले. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी विश्वासाचे बंधन दोन्ही पक्षांवर घातले, आणि निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला! ज्या खटल्याच्या आधारे कंपन्या विमेदारास प्रामाणिकपणाचे धडे देतात, तो विमेदाराने जिंकलेला आहे, ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही.

माझे प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेले. तेथे कंपनीच्या वकिलांस एकच प्रश्न विचारण्यात आला : कुलूप लावले नव्हते, हे आपण कशावरून म्हणता? त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. मला पैसे मिळाले. पण मध्ये दीड वर्ष गेले.

त्या दीड वर्षात माझे काही अडले नाही. मला दरमहा वेतन मिळत होते, आणि तारखेस जाण्यासाठी रजा होती. परंतु माझ्या शेजारी बाकावर एक टेंपोवाले गृहस्थ बसत. त्यांचा टेंपो चोरीस गेला होता आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते. फिर्याद वेळेवर दिली होती. कंपनीस कळविण्यास उशीर झाला, एवढ्यावर दावा फेटाळलेला. वस्तुतः फिर्याद तत्काळ नोंदविली असेल, तर केवळ कंपनीस उशिरा कळविले म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच ठरविले आहे. त्यांच्या वकिलांस हे ठाऊक होते. तरी चौथ्या तारखेनंतर ते गृहस्थ दिसले नाहीत. दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने चालक म्हणून जाऊ लागले, असे कळले. तारखेस यावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

पुराव्याचे ओझे कोणाच्या शिरावर, हे कलमात लिहिलेले असते. परंतु नकाराचे एक पत्र धाडले, की ते ओझे निदान निकालापर्यंत दुसऱ्याच्या शिरावर जाते. कंपनीस त्या पत्राचे टपालखर्चापलीकडे काही पडत नाही. टेंपोवाल्यांच्या बाजूने कायदा होता. त्यांच्यापाशी नव्हते ते दिवस.