अर्धवट टाइपांची किंमत

जुन्या पायथन कोडला टाइप लावायचं काम मला मनापासून आवडतं. फंक्शनच्या ‘वय’पुढे अपूर्णविराम देऊन ‘इंट’ लिहायचं, मायपाय हा टाइप-तपासनीस चालवायचा, आलेल्या तक्रारी एकेक करून निस्तरायच्या. गंमत म्हणजे एवढं करूनही त्याच फंक्शनला कुणी ‘तीस’ अशी स्ट्रिंग दिली, तर पायथन हूं की चूं करत नाही. कोड चालवताना तो टाइप बघतच नाही. टाइपस्क्रिप्टचंही तेच, जावास्क्रिप्ट बनताना टाइप पुसले जातात. वेगाला धक्का नाही, पण खात्रीही नाही.

टाइप्ड रॅकेट या भाषेला हे चालत नाही. बिनटाइपच्या मॉड्यूलमधून आलेला माल ते सीमेवर तपासून घेतं. साधा आकडा असेल तर काम झटपट होतं. व्हेक्टर आला की पंचाईत. आत्ता त्यात सगळे आकडेच आहेत. पण तोच व्हेक्टर पलीकडच्यांच्याही हातात आहे, ते मागाहून त्यात काहीही कोंबतील. म्हणून त्याला वेष्टण घालायचं आणि दर वाचनाला आतला घटक तपासायचा. व्हेक्टर ये-जा करत राहिला, की वेष्टणावर वेष्टण चढतं. हे सगळं लूपच्या पोटात घडलं, तर जकात नाक्यावरच्या ट्रकसारखी गत: धावणं कमी, खोळंबणं फार.

2016 साली असुमू ताकिकावा आणि सहकाऱ्यांनी हा हिशेब नीट मांडला. निबंधाच्या नावातच त्यांनी विचारलं होतं, की अशी पक्की क्रमिक, म्हणजे थोडे थोडे टाइप लावू देणारी, टाइप-पद्धत मेली की काय? प्रोग्रॅममधल्या प्रत्येक मॉड्यूलला टाइप लावून आणि न लावून होणारी सगळी मिश्रणं त्यांनी चालवून पाहिली. मॉड्यूल 10 असतील, तर मिश्रणं 1,024. काही मिश्रणं मूळ प्रोग्रॅमच्या शंभरपटीहून संथ निघाली. पूर्ण टाइप लावलेला प्रोग्रॅम मात्र कधी कधी मुळापेक्षाही वेगात धावला. मार बसतो तो मधल्यांना, आणि आपण सगळे वर्षानुवर्षं मधलेच असतो.

पुढच्याच वर्षी ‘नॉम’ ही भाषा आली. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट आपला वर्ग सोबत बाळगतो, त्यामुळे तपासणी स्वस्तात होते. कौतुक आहेच, पण ती सोय भाषा पायापासून रचणाऱ्यांची. आमच्यापुढे वाड्याएवढा जुना कोड.

तेव्हा टाइप्ड रॅकेटसारख्या भाषेत काम करत असाल, तर टाइप सुटे सुटे शिंपडू नका. एकमेकांशी सतत बोलणारी मॉड्यूलं एकदमच हातात घ्या, आणि दर टप्प्याला प्रोफायलर लावा.