राजूरला राहायला जाण्याआधी

महाराष्ट्रात राजूर नावाची तीन गावं तरी मला माहीत आहेत. गणपतीचं राजूर जालना जिल्ह्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवरचं अकोले तालुक्यात, आणि तिसरं यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात. या तिसऱ्याला तिकडे सगळे ‘राजूर कॉलरी’ म्हणतात. वणी परिसरातल्या एका कारखान्यात माझ्या नवऱ्याला नोकरी चालून आली, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पगार पुण्यातल्याएवढाच, हुद्दा एक पायरी वर. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या घराचं भाडं आम्ही महिना २४ हजार भरतो. नणंद लग्न होऊन राजूरलाच आहे. ती फोनवर म्हणाली, “एवढ्यात इथं तीन घरं येतील. याच तुम्ही.”

सासूबाईंनी एकच अट घातली. “घर बघायला जायचं तर मे महिन्यात जा. दिवाळीत कुठलंही गाव चांगलंच दिसतं.” त्यांना दमा आहे, मुलगी आठवीत आहे आणि मी एका शाळेत गणित शिकवते. म्हणजे हिशेब एकट्या नवऱ्याच्या पगाराचा नव्हताच.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर आणि नागपूरहून वणीची एसटी. बुटीबोरीपर्यंत कारखाने दिसतात, मग जामच्या चौरस्त्याला गाडी हैदराबादचा हमरस्ता सोडून चंद्रपूरच्या अंगाला वळते. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पुण्यात त्याचं मला विशेष काही वाटलं नव्हतं. पण या रस्त्यावर बसमध्ये पाहिलं, तर निम्म्याहून अधिक बायका दवाखान्याच्या फायली घेऊन बसलेल्या. उपचारासाठी नागपूर गाठणं हा इथल्या घरखर्चातला कायमचा आकडा आहे, तो भाड्याच्या पाटीवर लिहिलेला नसतो. वणी ते नागपूर सुमारे १३० किलोमीटर.

वरोऱ्याला बस थांबली. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे हे गाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्याही कितीतरी आधी वरोरा कोळशाचं होतं. एकोणिसाव्या शतकात इथे सरकारी खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली, आणि १९०६ साली खाण बंदही पडली. खाणीच्या जिवावर वाढणाऱ्या गावाला शेवटची तारीख असते, ती तेवढी कुणी आधी सांगत नाही. घर विकत घ्यायचं की भाड्याने, या प्रश्नाचा निकाल माझ्यापुरता तिथेच लागला.

पुढे पाटाळ्याचा पूल. खाली वर्धा नदी, उन्हाळ्यात अर्ध्याहून अधिक वाळूच. पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपून यवतमाळ सुरू होतो, निदान कागदावर. वणीची माणसं कोर्टकचेरीला यवतमाळला जातात, तेही शंभराहून जास्त किलोमीटर. दवाखाना, कॉलेज, मोठी खरेदी यांना मात्र चंद्रपूर किंवा नागपूर. खासदारही ती चंद्रपूर मतदारसंघाचाच निवडतात. एके काळी जिल्ह्याचं नावच ‘वणी’ होतं, इंग्रजी दप्तरात ‘वून’. १९०५च्या फेररचनेत ते यवतमाळ झालं. आज एखाद्या दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं म्हटलं की अख्खा दिवस जातो, आणि रोजंदारीवरच्या माणसाची त्या दिवसाची मजुरीही.

वणीत उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ऊन असं की डोळे उघडे ठेवणं कठीण. बसस्थानकावर प्रत्येकाच्या डोक्याला दुपट्टा किंवा शेला गुंडाळलेला. तिथून राजूर आठ-दहा किलोमीटर. कोळशाचे ट्रक ताडपत्री बांधून एकामागे एक चाललेले, आणि ऑटोवाला त्यांच्यामधून वाट काढत होता. नणंद दारातच पन्ह्याचा तांब्या घेऊन उभी होती. शेजारच्या दोघी-तिघीही आल्या. एक तेलगू बोलणारी, एक छत्तीसगढची, एक इथल्याच गावातली. पुण्यात आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, त्यांतल्या दोघांची आडनावंही मला ठाऊक नाहीत. राहणीमानाच्या तक्त्यात शेजार कुठल्या रकान्यात धरायचा ते मला माहीत नाही, पण त्या दुपारी त्याची किंमत मला कळली.

नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी, वेकोलित आहेत. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाची नागपूरची कंपनी. १९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ साली ही कंपनी उभी राहिली. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून खाटा टाकल्या, तेव्हा मी वही उघडली आणि भाऊजींना महिन्याचा खर्च विचारायला लागले. ते थोडा वेळ आकडे सांगत राहिले, मग थांबले.

“वहिनी, माहे आकडे तुमच्या कामाचे नाही जी. क्वार्टरवाल्याचं राजूर येगळं अन् बाकीच्याइचं येगळं. मले घरभाडं नाही, लाईटचं बिल नावापुरतं, पोरगं बिमार पडलं त दवाखाना कंपनीचा. हेच सारं विकत घेतो म्हटलं, त माहा पगारही पुरत नाही.”

सगळ्या प्रवासात मला सर्वांत उपयोगी पडलं ते हे बोलणं. आपण सारखं विचारत राहतो, अमुक गावी राहायला खर्च किती? तसा गावाचा एक खर्च नसतोच. त्या गावात तुम्ही कोण म्हणून राहता, त्यावर तो ठरतो. कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार २०२३च्या मे महिन्यात झाला, किमान १९ टक्के वाढीचा, आणि १ जुलै २०२१ पासून तो लागू धरला गेला. शिवाय उपचार फुकट. भाऊजींच्या घरात जी निश्चिंती दिसते ती राजूरच्या स्वस्ताईतून आलेली नाही, या करारांतून आली आहे. त्यांच्या ओळीतल्या एका घरात नोकरी आली ती जमिनीच्या बदल्यात. कोल इंडियाच्या २०१२च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा नियम आहे. त्या घराने तर या निश्चिंतीची किंमत आधीच, काळ्या कसदार रानाच्या रूपाने, भरून टाकली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत नणंद मला चुन्याच्या भट्ट्यांकडे घेऊन गेली. कोळशाइतकंच राजूर चुन्याचंही आहे. भट्टीत वरून चुनखडीचे दगड आणि कोळसा यांचे थर टाकत जातात. आत साधारण ९०० अंशांची आच लागली की दगडातला वायू निघून जातो आणि खालून कळीचा चुना काढतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली तर ५६ किलो चुना हाती येतो, उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. एका बाईने आमच्यासमोर ढिगावर पाणी शिंपडलं. क्षणभर काही झालं नाही. मग ढेकळं तडतडली, वाफ उसळली आणि दगडासारखी कडक कळी बघता बघता भुगा होऊन पसरली. बाईच्या तोंडाला ओढणी, हाताला तेल चोपडलेलं, तरी बोटांच्या पेरांवर भेगा. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

ती भट्टीच्या बाजूच्या खोलीतच राहते. भाडं विचारलं तर म्हणाली, “खोलीचं काही नाही जी. पन हाजरी भरली तरच पैसा. ताप आला त हाजरी गेली, पाऊस लागला त काम गेलं.” घरभाडं शून्य. कुठल्याही तक्त्यात ही बाई राजूरमधली सर्वांत कमी खर्चात राहणारी ठरेल. तिच्या राहण्याची किंमत तिच्या छातीतून आणि हातांतून वसूल होते आहे, आणि ती कुठल्याच वहीत लिहिली जात नाही याचा मला तिथे उभी असताना संताप आला, अजूनही येतो.

म्हणजे एका गावात दोन राजूर झाली, आणि आम्ही जाणार ते तिसऱ्यात. आम्हाला ना क्वार्टर, ना फुकट खोली. भाड्याने राहून सगळं विकत घेणारे. म्हणून मग मी त्या नजरेने पाहायला लागले.

नणंदेच्या ओळखीने बघितलेलं घर प्रशस्त होतं. तीन खोल्या, अंगण, कडुनिंब, भाडं सात हजार. सरकारचा स्वतःचा हिशेबही साधारण असाच आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना घरभाडं भत्ता देताना पुणे ‘एक्स’ वर्गात, नागपूर ‘वाय’ वर्गात आणि वणी-राजूरसारखी गावं ‘झेड’ वर्गात मोडतात. मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. ४० हजार मूळ पगार असेल तर पुण्यात १२ हजार, इथे ४ हजार. एक आणि तीनचं हे प्रमाण मालकाच्या भाड्याशी जवळपास जुळलं. पण सरकार त्यात फक्त भिंती मोजतं.

भिंतींच्या आत कूलर होता. मालकीणबाईंनी मागची जाळी काढून दाखवली. गवत ह्याच मोसमात बदललेलं, तरी बाहेरच्या बाजूने काळं आणि हाताला चिकट. कूलर बाहेरची हवा ओढतो, म्हणजे धूळही ओढतो. २०० वॅटचा कूलर सोळा तास चालला तर महिन्याला ९६ युनिटं होतात. महावितरणच्या घरगुती दराची पहिली पायरी १०० युनिटांवर संपते, ती एकट्या कूलरने गाठली. दम्याच्या माणसाला धूळ चालत नाही म्हणून खोली बंद करून एसी लावला, तर ३०० ची पायरीही ओलांडायला वेळ लागणार नाही. स्वयंपाकघरात पातेल्यांच्या तळाला पांढरा थर बसलेला. चुनखडीचा भाग, बोअरचं पाणी जड. प्यायला आरओचा २० लिटरचा कॅन रोज घरोघरी येतो, त्याचे पैसे वेगळे. गॅस सिलिंडर पुण्यापेक्षा स्वस्त नाही, पेट्रोल स्वस्त नाही, औषधं तर सगळीकडे छापील किमतीला. भाजी ताजी आणि कमी पैशांत मिळते, दूध चांगलं मिळतं. नवऱ्याचा रोजचा प्रवास एका वेळेला दीड तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांचा होईल. महिन्याकाठी पन्नासेक तास हातात येतील, आणि ते मी या यादीत सर्वांत वर लिहिले.

हवेचं काय, हे विचारल्याशिवाय सुटका नव्हती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात शेजारच्या चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते अतिप्रदूषित ठरलं होतं. त्याच पट्ट्यातलं घुग्घुस इथूनही जवळ. आपल्याकडे हवेतल्या सूक्ष्म कणांची, पीएम १० ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. माझ्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. मी सकाळी खिडकीचा कठडा ओल्या फडक्याने पुसला आणि संध्याकाळी पुन्हा पुसला. फडकं काळं निघालं. नणंद म्हणाली, “आम्ही कपडे वारा बघून वाळत घालतो. सवय होते गं.” तिच्या फुप्फुसांना होत असेल. सासूबाईंच्या होणार नाही.

राजूर जनगणनेच्या दप्तरात शहर आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. जिथे कोळसा आणि चुना दोन्ही निघतात, तिथे गटारं आणि रस्ते ग्रामपंचायतीच्या ऐपतीवर सोडणं मला पटत नाही. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानं झाली. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्यांना १० टक्के रक्कम तिथे भरावी लागते, आणि ती पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर आधी खर्च व्हावी असा नियम आहे. राहायला येणाऱ्याने भाड्याबरोबर ग्रामसभेत हेही विचारायला हवं की आपल्या वाट्याला त्यातलं काय आलं.

परत वणीला येऊन शाळा पाहिल्या. दहावीपर्यंत चिंता नाही. पुढे लोकमान्य टिळक महाविद्यालय आहे, पण अभियांत्रिकी-वैद्यकीयच्या तयारीला इथली मुलं नागपूरला खोली घेऊन राहतात. म्हणजे दोन वर्षांनी वाचवलेलं भाडं नागपूरला भरायचं. वणीत ग्रामीण रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांना चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ५०-६० किलोमीटरवर. रात्री दोन वाजता दम्याचा झटका आला तर एवढं अंतर कसं कापायचं, हे मी भाऊजींच्या शेजाऱ्याला विचारलं. त्याच्याकडे गाडी होती. “फोन करा, मी नेतो,” तो म्हणाला, आणि तो खरंच नेईल याबद्दल मला शंका नाही.

राहिला माझा पगार. दोघी मुख्याध्यापिकांना भेटले. दोघींनी आकडा सांगितला तो पुण्यातल्या माझ्या पगाराच्या निम्म्याहून खाली होता. भाड्यात वाचणारे १७ हजार तिथे जवळजवळ तसेच गेले. बदलीचा हिशेब करताना घरातल्या बाईची कमाई शेवटच्या ओळीत, जमलं तर, अशी धरली जाते. ती मी पहिल्या ओळीत मांडली आणि नवऱ्याने ती खोडली नाही.

पुण्याला परतताना वहीत दोन गोष्टी ठरल्या होत्या. राहायचं ते राजूरला नाही, वणीत, ट्रकांच्या रस्त्यापासून दूर. आणि कारखान्याकडून होकाराआधी दोन गोष्टी लेखी घ्यायच्या: राहायला क्वार्टर आणि आई-वडिलांसह सगळ्या कुटुंबाचा वैद्यकीय खर्च. पगारवाढ त्यांनी नाही दिली तरी चालेल. नवऱ्याने तसं पत्र पाठवलं आहे. क्वार्टर मिळालं पण औषधोपचारात सासूबाईंचं नाव धरलं नाही, तर आम्ही जाणार नाही. नणंदेला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “बरोबर आहे. आम्हीही त्याच्याच जोरावर इथं आहोत.”