खांब नसलेली सावली

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात छापचित्रं बघायला वेगळी अभ्यासखोली आहे. आधी वेळ ठरवून गेलं की मागितलेलं चित्र टेबलावर आणून ठेवतात. मी अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरचं ‘नाइट शॅडोज’ मागितलं होतं. 1921 चं एचिंग, आकाराने जेमतेम वीतभर.

उंचावरून, वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसावा तसा रात्रीचा रस्ता. कोपऱ्यावर दुकानाची इमारत. एकटा माणूस चाललाय आणि फूटपाथवर खांबाची लांबच लांब सावली आडवी पडलीये. खांब मात्र चित्रात नाहीच.

एचिंगमध्ये पांढरा रंग नसतो. पत्र्यावरच्या थरात सुईने रेघ ओढायची, अ‍ॅसिडने ती खोदून घ्यायची, रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि मग कागदावर छाप घ्यायचा. कोरा राहील तेवढाच कागद म्हणजे उजेड. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकताना पुसण्यात जरा हात आखडता घ्यायचा, म्हणजे करडी झाक येते आणि कच्च्या रेघा झाकल्या जातात, ही युक्ती आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती. हॉपरला तसलं काही नकोच होतं. त्याला कागद मिळेल तेवढा पांढरा आणि शाई मिळेल तेवढी काळी लागायची.

भिंग सावलीवर नेलं. लांबून सलग काळा वाटणारा पट्टा जवळून उकलत गेला: रेघांवर रेघा, त्यांना छेदणाऱ्या आणखी रेघा, मध्ये कागदाचे बारीक ठिपके. चित्र तिरक्या उजेडात आलं की शाईचा उठावही दिसतो.

हॉपरचं नाव निघालं की एकाकीपणावर बोलायची रीतच पडलीये. मला तो माणूस मुकाट घरी निघालेला वाटला. धास्ती वाटते ती मांडणीमुळे. वरून बघितल्यामुळे माणूस ठेंगणा होतो आणि जी वस्तूच नाही, ती सावली त्याच्याहून मोठी, ठाम दिसते.

हॉपरला एचिंगची वाट दाखवण्यात छापचित्रकार मार्टिन लुईसचा हात होता. पुढे 1924 मध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकाने वर्गणीदारांसाठी काढलेल्या सहा एचिंगच्या संचात हे चित्र आलं. त्यामुळे त्याच्या प्रती भरपूर निघाल्या आणि अमेरिकेतल्या बऱ्याच संग्रहालयांत एखादी असते. तिकडे जाणं झालं तर आधी कळवून जरूर बघा. मोबाइलच्या पडद्यावर त्या रेघा उकलत नाहीत.