हरवलेल्या पुस्तकांचा हिशेब

ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, कळमनुरीतल्या घराबाहेर फारसे न पडता मिळवली. 'घराबाहेर न पडता' हे शब्द जाहिरातीत वाचताना सुखद वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ असा, की रात्री साडेदहानंतर ओटा आवरून मोबाइलवर व्याख्यान लावायचे, वीज गेली की उरलेली बॅटरी व्याख्यानासाठी ठेवायची की सकाळच्या गजरासाठी याचा विचार करायचा, आणि स्वाध्यायाची पाने शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायची. परीक्षेपुरते तेवढे एस.टी.ने नांदेडला जावे लागे.

"बाई, ह्याचा काही फायदा?" हा प्रश्न शिक्षकखोलीत अनेकदा विचारला गेला, आणि तो रास्त होता. खासगी अनुदानित शाळेत पाचशेंहून अधिक विद्यार्थी असतील तर अर्धवेळ आणि हजारांहून अधिक असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, असा आपल्या राज्यातला ढोबळ दंडक आहे. आमची पटसंख्या पाचशेच्या आतली. म्हणजे पदवी मिळाली तरी पद मिळणार नव्हते, हे मला पहिल्या हप्त्याचे शुल्क भरतानाच ठाऊक होते. मी मराठीची शिक्षिका; ग्रंथालयाचा 'चार्ज' माझ्याकडे आला तो आधीचे सर निवृत्त झाले म्हणून.

चार्ज घेणे म्हणजे काय, हे शाळेबाहेरच्या वाचकांस सांगायला हवे. चार लोखंडी कपाटे, एक किल्ल्यांचा जुडगा आणि एक जाडजूड नोंदवही. वहीत १,४१२ पुस्तके. मी एकेक पुस्तक पाहून सही केली आणि त्या क्षणापासून ती १,४१२ पुस्तके माझ्या पगाराला बांधली गेली. एखादे कमी भरले, तर वसुली माझ्याकडून. आधीच्या सरांनी जाताना कानमंत्र दिला : "बाई, कपाट उघडायचंच नाही. एकही पुस्तक जात नाही." त्यांच्या कारकीर्दीत खरोखरच एकही पुस्तक गेले नव्हते. मी चार्ज घेतला त्या वर्षी देवघेवीच्या नोंदी ३८ होत्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक शिक्षकांच्या.

त्या सरांना मी आजही दोष देत नाही. हिशेबाची रीतच अशी, की पुस्तक वाचले गेले याची नोंद कोणी मागत नाही. हरवले याची मात्र मागतात. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच लावील.

पदवीचा अभ्यास सुरू झाला तो रंगनाथनांपासून. गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल नेमले गेले आणि नेमणूक झाल्यावर ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. आधी काम गळ्यात पडले, मग विद्या आली, हा क्रम वाचून मला उगीचच धीर आला. त्यांची पाच सूत्रे १९३१ साली ग्रंथरूपात आली. त्यांतले पहिलेच, पुस्तके वापरासाठी असतात या आशयाचे, वाचायला बाळबोध वाटते. त्याच्या विवेचनात मध्ययुगीन युरोपात पुस्तके साखळदंडांनी बांधून ठेवीत, याची हकीकत येते. ती वाचताना माझा हात नकळत किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला.

पुढे वर्गीकरण आले. ड्यूई यांची १८७६ सालची दशांश पद्धत शिकताना आपण कोणाच्या घरात पाहुणे आहोत हे लगेच कळते. धर्मांच्या दोनशेच्या वर्गात २२०पासून २८९पर्यंतची ऐसपैस जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला. बाकी साऱ्या जगाच्या धर्मांनी २९०च्या एका खोलीत दाटीवाटीने राहावे. स्वाध्यायासाठी आपल्या परिसरातील एका ग्रंथाचे वर्गीकरण करायचे होते. मी नामदेवांची गाथा घेतली. नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी आमच्याच जिल्ह्यात, आणि त्यांना विसोबा खेचर भेटले ते औंढा नागनाथही इथलेच. गाथा मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ला जाईल. पण ती भक्तिपर म्हणून २९४.५ या हिंदू धर्माच्या क्रमांकावरही बसते. शिवाय नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, म्हणजे त्यांचा एक पाय २९४.६ या शीख धर्माच्या क्रमांकावर. कागदावर मी ८९१.४६१ लिहिले आणि गुण मिळवले. शाळेत मात्र गाथा हातात घेऊन मी शिपाईमामांकडे पाहत उभी राहिले. "कुठं ठिवू, बाई?" त्यांनी विचारले. शेवटी आम्ही 'आपला जिल्हा' अशी चिठ्ठी लावून एक वेगळा कप्पाच केला. सातवीतल्या मुलाला ८९१ ठाऊक नसते, नर्सी ठाऊक असते.

संगणकीकरणाच्या विषयात 'कोहा' नावाची प्रणाली होती. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २०००च्या जानेवारीत वापरात आली. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. प्रणाली विनामूल्य आहे. मामांनी तिला पहिल्या दिवसापासून 'कोहळा' म्हटले. फुकटातला कोहळा पाहून पुढे आवळा कोणाला द्यावा लागेल याची त्यांना चिंता होती. शाळेचा एकमेव संगणक कार्यालयात अडकलेला असल्याने तो कोहळा मी घरच्या लॅपटॉपवरच पिकवला. असो.

ज्या पानासाठी ही सारी पदवी मी पुन्हा एकदा करीन, ते साठापडताळणीच्या रुक्ष प्रकरणात होते. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ सांगतो, की वर्षभरात वाचायला दिलेल्या वा पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी समजावे. मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा, आणि हजार रुपयांहून महाग अथवा दुर्मीळ पुस्तक गेल्यास चौकशी व्हावी. नियम पुन्हा वाचला तेव्हा त्यातली मेख दिसली. सूट कपाटातल्या पुस्तकांवर नाही, देवघेवीवर आहे. वर्षाला ३८ नोंदी असतील तर पाव पुस्तकाचीही मुभा नाही. जितके अधिक द्याल, तितके अधिक गमावण्याचा अधिकार. सरकारी भाषेत लिहिलेले हे वाक्य मला रंगनाथनांच्या पहिल्या सूत्राचेच भाष्य वाटले.

छापील प्रत घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. "हा नियम केंद्राचा. आपल्याला लागू नाही," ते म्हणाले, आणि ते बरोबर होते. मी म्हटले, "सर, लागू नसू दे. नियमात बसतील तेवढी शाळेने सोडून द्यावीत. त्यापुढची मी भरीन." त्यांनी बराच वेळ कागद वाचला आणि "बघा बुवा" एवढेच म्हटले. आमच्याकडे त्याला होकार म्हणतात.

कपाटे उघडली. खरी परीक्षा दिवाळीच्या तोंडावर आली. आमच्या काही मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात; मागे कोणी सांभाळणारे नसले की मुलेही जातात आणि परततात ती उन्हाळ्यात. त्यांना पुस्तके द्यायची का? निष्काळजीपणा म्हणतात तो हाच तर नव्हे? दोन दिवस मी निर्णय टाळला. मग वाटले, सहा महिने ज्याच्या हाताशी दुसरे पुस्तक नसेल, त्यालाच ते नाकारायचे असेल तर ही पदवी मी कोणासाठी घेतली? अशा नऊ मुलांना प्रत्येकी एक पुस्तक दिले.

मार्चअखेर मोजदाद झाली. वर्षभरात १,६४० नोंदी. नियमाने गणित केले तर आठ पुस्तकांची मुभा. गहाळ भरली अकरा. तीन पुस्तकांचे दोनशे पंचाहत्तर रुपये मी भरले आणि पावती फाइलला लावली. ऊसतोडीला गेलेल्या नवांपैकी चार पुस्तके त्या अकरांत होती. म्हणजे उरलेली सात इथेच, गावातच हरवली होती. मला भीती ज्यांची होती त्यांच्यापेक्षा घरी राहिलेल्यांनीच जास्त गमावली, हे लिहून ठेवणे माझे कर्तव्य आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्या चारांपैकी दोन परत आली. एकाला खताच्या पिशवीचे कव्हर सुईदोऱ्याने शिवलेले होते. उरलेली दोन आली नाहीत. त्यांतला एक मुलगाही आला नाही. त्याच्या नावापुढे वहीत मी 'गहाळ' न लिहिता 'वाचकाकडे' असे लिहिले आहे. शास्त्रात अशी नोंद नाही, आणि पुढच्या तपासणीत त्यावर शेरा येईल, हेही मला माहीत आहे.

पदवीचे प्रमाणपत्र टपालाने आले ते घरी ठेवले आहे. किल्ल्या आता कपाटाशेजारच्या खिळ्यावर असतात. दिवाळी पुन्हा जवळ आली आहे. जाणाऱ्या मुलांची यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत बारा नावे झाली.