खांबांना गिऱ्हाईक, चौकाला नाही

"अख्खा वाडा कोण घेतो हो? खांब घेतात." जुन्या सागवानाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी हे सहज सांगितलं. गंगापुरात एक वाडा विकायला निघालाय, लाकूड निरोगी आहे, तुळया सरळ आहेत, मोठा दरवाजा थेट मुंबईला जाईल, एवढी माहिती त्यांच्यापाशी होती. घर किती पिढ्यांचं, त्यात कोण राहिलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मला जुन्या वाड्यांचा लहानपणापासून नाद. करवत पोचायच्या आत हा वाडा उभा असलेला पाहायचाच, असं ठरवून निघालो.

छत्रपती संभाजीनगरला उतरणाऱ्यानं वेरूळला जावं, देवगिरी चढावा, मकबरा बघावा. मी ते सगळं मागे टाकून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागलो. वाळूजचे कारखाने संपले की कपाशी आणि तूर सुरू होते, आणि जमीन डोळ्यांना अडवायचंच विसरते. डोंगर नाही, दरी नाही. घोडदळाला यापेक्षा सोयीचा मुलूख शोधून सापडायचा नाही.

मुक्कामाला लॉज मिळाली, तिच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. खिडकीसमोर जनरेटर, आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी उष्णता खाली सोडत होता. घामानं भिजून उठलो आणि सकाळी वाड्यात गेलो. ढेलजेत पाऊल टाकताक्षणी अंगाची काहिली थांबली. वर माळवद, म्हणजे तुळयांवर किलचन, त्यावर पाला आणि त्यावर हातभर पांढरी माती. मराठवाड्याच्या उन्हाला मराठवाड्यानं शोधलेलं हे उत्तर. ते आपण स्लॅबसाठी टाकून दिलं आणि आता एसीचं बिल भरतो, याची मला मनापासून चीड येते.

वाडा दाखवायला त्या घराण्यातले एक काका होते. बाहेरून वाडा आंधळा दिसतो. पुरुषभर उंचीपर्यंत घडीव दगड, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत, आणि रस्त्याकडे एकही खिडकी नाही. मोठ्या दरवाजातली दिंडी एवढी बुटकी की पाहुण्याला मान लववूनच आत यावं लागतं. दाराआड भिंतीत एक चौकोनी भोक, त्यात सरकवलेला अडसर. काकांनी तो ओढून दाखवला. लाकूड हातांनी घासून गुळगुळीत झालेलं, टोकाला मात्र अजून वाकसाचे घाव. चौकात आलं की हेच घर एकदम मोकळं होतं. चारी बाजूंना ओसरी, केळीच्या कमळासारख्या बोंडांचे कोरीव खांब, कोपऱ्यात आड, मधे तुळशीवृंदावन. बाहेर पाठ फिरवलेलं हे घर सगळं बोलणं आतल्या आत करतं.

माजघरात काकांनी एक फळी उचलली. खाली बळद. टॉर्च मारला तर आतल्या भिंतीला शेणामातीचा गिलावा अजून धरून होता. "आमची आजी सांगायची, वर्षाची ज्वारी इथं राहायची. वर पाट टाकून त्यावर देव मांडायचे." धान्यावर देव. लुटायला आलेला माणूस देव हलवणार नाही, एवढा भरवसा त्यात होता की नव्हता कोण जाणे. पण धान्य लपवायची गरज होती हे निश्चित.

ती गरज का होती, ते पाहायला शेजारच्या वैजापूर तालुक्यातल्या पालखेडला गेलो. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव या मुलखात उतरला. जालना, सिंदखेड हे परगणे त्यानं लुटले. निजामुल्मुल्क पुण्याकडे वळला, तरी बाजीराव पुणं सांभाळायला धावला नाही. उलट औरंगाबादेला धोका दिला. निजाम घाईनं परतला, जड तोफा मागे राहिल्या, आणि २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडजवळ अन्न आणि पाणी दोन्ही तुटलेल्या अवस्थेत तो कोंडला गेला. लगेच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

फील्डमार्शल माँटगोमेरीनं आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचं तोंड भरून कौतुक केलं आहे, आणि आपल्याकडे प्रत्येक व्याख्यानात ते सांगितलं जातं. बाजीरावाबद्दलचा अभिमान मलाही आहे. पण माँटगोमेरीशी माझं भांडण आहे. तो वेग मोजतो. पालखेडच्या शिवारात फेब्रुवारीच्या अखेरीला उभं राहिलं की वेगाआधी पाणी आठवतं. नाले तेव्हाच आटत आलेले असतात. कुठल्या विहिरीला पाणी आहे आणि कुठला ओढा कोरडा, हे ठाऊक असल्याशिवाय एवढी फौज कोंडता येत नाही, आणि ते इथल्या माणसांनाच ठाऊक असणार. शिवाय हजारो घोडी रोज चारा खातात. तो कोणाच्या गंजीतून येतो? सेनापतीच्या नकाशावर ही माणसं नाहीत. ती सापडतात बिनखिडकीच्या भिंतीत, अडसरात आणि बळदात. काकांचा वाडा बाजीरावाच्या काळचा नाही, शे-दीडशे वर्षांनी अलीकडचा असावा. पण पुढे पेशवे-निजामांच्या स्वाऱ्या झाल्या, पेंढारी आले, आणि घर बांधणाऱ्या गवंड्याच्या हातात ती सावधगिरी मुरत गेली. युद्धाच्या वाटेवर राहणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास हवा असेल तर तो असा वाचावा लागतो.

परतताना कायगावला गोदावरीकाठी थांबलो. पलीकडे टोके, प्रवरासंगम. याच कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीला गेले, पेशव्यांच्या घराण्यात त्यांना गुरूचा मान होता, आणि काशीतले ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. एवढ्याशा गावातल्या माणसानं काशीच्या गंगेला घाट बांधावेत! आणि त्यांच्या गावापुढची गंगा? १९७६ मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पुरं झालं आणि नाथसागराचा फुगवटा इथवर आला. काठच्या गावांना जुनं आणि नवं अशी दोन नावं झाली. त्या पाण्यावर आज मराठवाडा पितो आणि पिकवतो, तेव्हा धरणाविरुद्ध बोलणं मला पटत नाही. तिथली घरं पाण्याखाली गेली ती अनेकांच्या तहानेसाठी. गंगापुरातला वाडा जाणार आहे तो कोणाच्या तरी हॉटेलात नक्षीदार खांब हवेत म्हणून.

काकांना मात्र मी बोल लावू शकत नाही. त्यांनी ट्रंक उघडली: वर मराठी कागद, खाली उर्दू, तळाशी मोडी. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, ते या थरांतच दिसतं. त्यातल्या वाटण्यांनुसार आज अकरा हिस्सेदार, त्यातले बहुतेक पुण्यात, एक अमेरिकेत. "माळवदावर कोण चढणार आता? दर उन्हाळ्यात माती टाकायची, पावसाळ्यात गवत उपटायचं. माझे गुडघे गेले. पोरं म्हणतात, पैसे करा नि मोकळे व्हा." अख्खं घर विकायचं तर अकराही जणांच्या सह्या लागतात, खांब विकायला मात्र कोणी सातबारा मागत नाही. त्यात हे घर कुठल्याही संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. १९६० चा राज्याचा पुराणवस्तू कायदा किल्ल्यांना आणि लेण्यांना उपयोगी पडतो, साध्या माणसाच्या राहत्या घरापर्यंत तो पोचत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात उभे केले, त्यांचे उपकार आहेत. पण ती इमारत ढासळत होती. इथं तुळईला वाळवी नाही, भिंतीला तडा नाही, आडाला पाणी आहे. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर, मुलाबाळांनी भरेल असं घर. वीस खांब वीस ठिकाणी गेले की चौक कुठेच जात नाही, तो नाहीसा होतो. आणि चौक नाही तर वाडा कसला?

मी काकांना एवढंच मागितलं की मोजमापं घेतल्याशिवाय एक फळीही हलवू नका. संभाजीनगरच्या वास्तुकलेच्या मुलांना घेऊन येतो. नकाशे करतील, खांबांवर क्रमांक घालतील, बळदाचे फोटो काढतील. नकाशा हातात असला तर राहायला घेणारं गिऱ्हाईक शोधणंही सोपं जाईल. काका थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर सगळे हिस्सेदार येतील, त्यांच्यासमोरच बोला तुम्ही." व्यापाऱ्याला तसं कळवायला त्यांनी माझ्यादेखतच फोन लावला.