आवृत्तीचे आयुष्य

वाचनालयातल्या पुस्तकांची देवघेव नोंदवणारा एक छोटासा प्रोग्राम मी लिहिला आहे. तो मुक्त असल्यामुळे आणखी चार वाचनालये तो वापरतात. त्याबद्दल मला छदामही मिळत नाही, हा भाग वेगळा. परवा एका ग्रंथपालबाईंनी विचारले, “ही आवृत्ती किती वर्षे सांभाळाल?” पाच, असे जिभेवर आले होते; पण माझे वय ६८! म्हटले, “विचार करून सांगतो.”

नवी आवृत्ती काढणे म्हणजे बारसे. हौस सगळी तिथेच. जुनीची दुखणीखुपणी काढणे हा खरा संसार. बारशाच्या तिथीबद्दलही दोन पंथ आहेत. डेबियनवाले म्हणत, तयार होईल तेव्हा बाहेर पडेल. तत्त्व सोवळे खरे. पण जुलै २००२ नंतरची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला! २००४ साली निघालेल्या उबुंटूने लग्नघरची रीत उचलली. दर सहा महिन्यांनी मुहूर्त. जी सोय तयार नसेल तिने पुढच्या मुहूर्ताची वाट पाहावी. मला ही रीत पसंत आहे. मात्र २००६ साली त्यांनीच मुहूर्त दीड महिना पुढे ढकलला. ती आवृत्ती दीर्घकाळ सांभाळायची होती ना!

सांभाळणे म्हणजे काय, हे लोकांना ठाऊक नसते. भोक सापडले, की नव्या आवृत्तीचे ठिगळ जुनीला जसेच्या तसे बसत नाही; कापडच निराळे. पुन्हा बेता, पुन्हा तपासा. तीन आवृत्त्या जिवंत, तर काम तिप्पट. पायथॉनच्या २.७ ला २०१५ साली निरोप द्यायचे ठरले होते. लोक हलेनात, म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. याच्या उलट सेंटओएस ८. ती २०२९ पर्यंत चालायची होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, २०२१ अखेर बंद! वाढवलेली मुदत कुणाला बोचत नाही, तोडलेली बोचते.

शेवटी मी बाईंना लिहिले: मार्चअखेरची पुस्तकमोजणी उरकली, की दर मे महिन्यात नवी आवृत्ती. प्रत्येकीला अडीच वर्षे. म्हणजे मधली एक गाळली, तरी पुढचीवर जायला सहा महिने हाती राहतील.

उलटटपाली उत्तर आले: “नक्की तारीख घालून, सहीनिशी पाठवा. कार्यकारी मंडळापुढे ठेवायचे आहे.”

तारीख घातली आहे. सहीशेजारी दुसऱ्या सांभाळणाऱ्याच्या नावाला जागा सोडली आहे. एका होतकरू मुलीला विचारले आहे. ती परीक्षेनंतर सांगते म्हणाली.