काकूंचं देणं

धुळ्याचा आग्रा रोड ओलांडायची मला धास्ती बसली होती. मागून हॉर्न वाजला की कंबर आणि पाय ताठ व्हायचे, आणि मी तोडलेल्या झाडासारखी आडवी. दोनदा कपाळ फुटलं. कुकरच्या शिट्टीनंही गोळे यायचे. घरात मात्र भिंतीच्या आधारानं चालता यायचं, म्हणून सगळ्यांनी नाटक ठरवलं. एका डॉक्टरांनी मनाचा आजार सांगून डायझेपाम दिलं. त्यानं अंग जरा सैल व्हायचं, आणि तोच माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

शेजारच्या काकू बिबड्या करून विकायच्या. मला पडताना त्यांनी पाहिलं आणि घरात येऊन म्हणाल्या, "खोटं पडनारं मानूस पहिले हात टेकस. हाई कपाळवर पडस."

त्याच मला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. एसटीत त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, पोरीला हॉर्न सोसत नाही. तो हसला नाही. पारोळा, एरंडोल मागे पडलं, तरी त्यानं फार थोडा हॉर्न वाजवला. त्याचं नावही मी विचारलं नाही.

डॉक्टरांनी आधी माझ्या पाठीची आत गेलेली कमान आणि फळीसारखं कडक पोट पाहिलं, मग रक्त तपासायला पाठवलं. जीएडी नावाच्या विकराविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. स्नायूंना 'आता थांब' सांगणारं गाबा हे रसायन त्या विकरामुळे बनतं. माझं शरीर त्यावरच उठलं होतं. डायझेपाम गाबाचाच जोर वाढवतं. म्हणजे गोळीचा गुण खरा होता, अर्थ चुकीचा लावला होता. आजाराचं नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम, दहा लाखांत एखाद्यालाच होणारा. 1956 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 14 रुग्णांवरून तो प्रथम मांडला. त्यांचा पहिला रुग्ण एक शेतकरी होता. डिसेंबर 2022 मध्ये गायिका सेलीन डिऑननं स्वतःचं निदान जाहीर केलं, तेव्हा मला नाटकी म्हणणाऱ्यांनीच मला फोन केले.

काकूंनी अशा बातमीची वाट पाहिली नव्हती. तपासणीचे पैसे त्यांनी बिबड्यांच्या डब्यातून काढून दिले होते. मी तीनदा परत द्यायला गेले. "ठेव, गोळ्या लागतीन," म्हणून त्यांनी तीनदा ते माझ्याच मुठीत दाबले. पुढच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. ते पैसे अजून माझ्याकडे आहेत.